रंग बघून घेतलेला स्पीकर

चाकणच्या कारखान्यात माझं काम म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ट्यूबलाइटखाली तिरकी नजर टाकून रंगातला दोष शोधणं. त्यामुळे चऱ्होलीच्या नव्या फ्लॅटसाठी स्पीकर घ्यायला थेरगावच्या दुकानात गेलो, तेव्हाही मी आधी पॉलिशवरून बोट फिरवलं. एकावर चरा दिसला, दुसऱ्याचा कोपरा फिकट होता. दोन्ही नापास केले.

"साहेब, वाजवून तरी बघा," दुकानदार म्हणाला. "मुलगी बघायला आलाय का?"

तिसरा निर्दोष निघाला. तो न वाजवताच घरी आणला. खरं तर गाणी ऐकण्यापेक्षा, ती ऐकायला कोणीतरी घरी यावं, हा माझा हेतू होता. एका रविवारी शिफ्टमधला एक सहकारी आला. त्याने स्पीकर सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

"दिसायला एक नंबर, राव!"

मग मी गाणं लावलं. खोलीत ना पडदे होते, ना सोफा. आवाज भिंतींवर आपटून नुसता घुमू लागला.

"आधी घर भर, भावा," तो म्हणाला आणि चहा संपवून गेला. पुन्हा आला नाही.

आता मी त्यावर बातम्यांच्या चर्चा लावतो. समोर बसलं की ती फक्त एक चकचकीत पेटी असते. स्वयंपाकघरातून मात्र ती दिसत नाही, आणि बाहेरच्या खोलीत कोणीतरी बोलत बसलंय असं वाटतं. म्हणून हल्ली मी जेवतोही तिथेच, ओट्यापाशी उभा राहून.