मागची सीट

पाच आठवड्यांपूर्वी कारखान्यात महिनाअखेरीची बैठक चालू असताना आमच्या इमारतीच्या वॉचमनचा, सेल्वमचा फोन आला. "सार, राव सार गाडीखाली आहेत. हाक मारतोय, पण बोलत नाहीत." मी मुळीच दचकलो नाही. राव सार गाडीखाली असणं ही चेन्नईतल्या अड्यारच्या आमच्या इमारतीतली रोजची गोष्ट होती. पार्किंगमध्ये त्यांचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत, बाकीचे राव गाडीखाली. नट आवळताना ते फेरे मोजत, आणि मोजताना कुणी हाक मारली तर उत्तर देत नसत. मी सेल्वमला म्हणालो, "पाय हलवून बघ." तो म्हणाला, "हलवले, सार..."

मी पोचलो तेव्हा पोलीस इन्स्पेक्टर आलेला होता आणि त्याला जॅकचा संशय होता. जॅक घसरला असेल, कुणी काढला असेल, गाडी एवढी मोठी आणि महागडी म्हणजे भांडणंही असतील. मी त्याला वाकून बघायला सांगितलं. जॅकशेजारी दोन लोखंडी घोड्या होत्या, आणि त्यांच्यावरही विश्वास नको म्हणून सांगाड्याखाली स्टेपनी आडवी सरकवलेली होती. गाडी हलायला कुठे जागाच नव्हती. डॉक्टरांनी नंतर हृदयविकारानं मृत्यू म्हणून लिहून दिलं. इन्स्पेक्टरनं मात्र तासभर प्रश्न विचारले, सेल्वमला दोनदा विचारले, आणि मला वाटत राहिलं की राव सार हयात असते तर त्यांनी या माणसाला मनापासून दाद दिली असती.

कारण संशय हाच त्यांचा व्यवसाय होता. व्यंकट राव हे विम्याचे सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी पाहायची, मालक सांगतो तसंच घडलं का ते ठरवायचं आणि कंपनीला अहवाल द्यायचा. हे त्यांनी जन्मभर केलं. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, घरात मात्र मराठी. २००४ साली बदली होऊन आम्ही चेन्नईला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. पहिल्याच रविवारी ते खाली माझ्या जुन्या गाडीभोवती फिरत होते. मला बघून म्हणाले, "मागचं डावं दार बदललंय. विकणाऱ्यानं तुम्हांस सांगितलं होतं काय?" मला कुणी सांगितलं नव्हतं. "सांगणार नाहीत," ते समाधानानं म्हणाले. "कॉफी प्यायला या." मराठी ऐकून मी आधी चकितच झालो, आणि मग आमची जी ओळख झाली ती अशा पायावर झाली, की दोघांपैकी एकानंही दुसऱ्याचं कुठलंही म्हणणं पडताळल्याशिवाय मानलं नाही.

निवृत्तीच्या सुमाराला त्यांनी ती गाडी आणली. परदेशी बनावटीची, चारही चाकांना जोर असलेली, आत पांढुरक्या कातड्याच्या सीटा, डॅशबोर्डावर लाकडाची पट्टी, छताला उघडणारी काच. कुणी परदेशी अधिकारी देश सोडताना विकून गेला होता. रावांनी ती घेण्याआधी तीन वेळा तपासली, गालिचा उचलून खालचा पत्रा हुंगला. पुरात बुडालेल्या गाडीला वास राहतो म्हणे. सगळ्या इमारतीनं माना उंचावून ती गाडी पाहिली. आणि महिन्याच्या आत या गृहस्थानं तिची मागची सीट उपटून काढली आणि दोन हमालांच्या डोक्यावर देऊन माझ्या दारात आणून ठेवली.

"देसाई सार, ही तुमच्याकडे राहूं दे."

"का?"

"घरांत जागा नाही."

त्यांचं घर आमच्याएवढंच होतं आणि माणसं दोनच, ते आणि त्यांची पत्नी. माझी पत्नी सुनीता हमाल गेल्यावर म्हणाली, "फुकटात कुणी एवढी भारी वस्तू देतं का? गाडी चोरीची नाही ना? आपल्याकडे माल ठेवतायत." मलाही तसंच काहीसं वाटलं. नवी कोरी म्हणावी अशी गाडी घ्यायची आणि तिच्यातली सगळ्यात किमती गोष्ट बाहेर काढायची, याचा हिशोब लागत नव्हता. सीट तर सुंदर होती. मध्ये खाली पडणारा, कोपर टेकायचा हात, त्यात पेले ठेवायला दोन गोल खळगे. आम्ही तिच्याखाली लाकडी चौकट ठोकून ती हॉलमध्ये भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राव सार वर आले, सीटच्या उजव्या बाजूला बसले, मधला हात खाली पाडला, सुनीतानं दिलेला कॉफीचा डबरा, तिकडची ती स्टीलची वाटी, खळग्यात ठेवला आणि डोळे मिटले. "सुनीता, चिकोरी जास्त पडली," ते म्हणाले. "दुकानदार फसवतोय." त्यानंतर ते जवळजवळ रोज येत. जाताना न चुकता सांगत, "अक्काला म्हणूं नका, मी येथें बसतों म्हणून." आणि ते खाली गेले की थोड्याच वेळात आमच्या बाल्कनीजवळच्या पाइपातून खालच्या न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज येई. संध्याकाळी दुसरी आंघोळ. सुनीताचा संशय आणखी वाढला.

शेवटी मी सरळच विचारलं. तेव्हा कळलं की सगळं प्रकरण अक्कांमुळे होतं. अक्का म्हणजे त्यांची पत्नी, इंदिराबाई. कडक सोवळ्याच्या. आंघोळ करून, कुणी न शिवलेलं लुगडं नेसून स्वतः रांधलेलं तेवढंच त्या खात. बाहेरचं पाणीही पीत नसत. आमच्याकडे तर कधी येतच नसत; आम्ही नेलेलं एखादं केळं तेवढं सोलून खात, तेही माझ्या पत्नीचं मन राखायला. त्यामुळे आयुष्यभरात सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढाच त्यांचा प्रवास. आणि या बाईंची एकच इच्छा होती. जी भाषा त्या जन्मभर फक्त चार भिंतींत बोलल्या, ती रस्त्यावर ऐकायची. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, "तेथें भाजीवाली सुद्धां मराठीच बोलते काय? पोस्टमन? खरंच? कीं तुम्ही मला खूष करायला सांगतां?" माझं गाव कऱ्हाड. मी शपथेवर सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

म्हणून राव चालतं सोवळं बनवत होते. "चामड्यापाशी ती स्वैंपाक करील काय?" ते म्हणाले. गाडीत कातडं होतं म्हणूनच सीट बाहेर आली. ती घरात ठेवायची सोय नव्हती म्हणून माझ्याकडे आली. आणि तिचा मोह सुटत नव्हता म्हणून ते रोज वर येऊन बसत आणि खाली जाऊन आंघोळ करत.

मग मीही त्यात ओढला गेलो, कारण कारखान्यात माझं काम वजनांच्या हिशोबाचं. स्टीलच्या पाण्याच्या दोन टाक्या हव्या होत्या, एक रांधायला-प्यायला, एक बाकी वापराला. प्लास्टिक अक्कांना चालणार नव्हतं. गॅरेजवाल्यानं त्या अगदी मागे, डिकीत बसवायचं ठरवलं होतं. मी सांगितलं की एवढं पाणी मागच्या आसाच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतील आणि घाटात स्टीअरिंग ऐकणार नाही. टाक्या सीटच्या मोकळ्या जागेत, खाली, दोन आसांच्या मध्ये घ्या. रावांनी माझं गणित मन लावून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून आणली. "तुमचं बरोबर आहे," ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

गॅरेजमध्ये ते स्टूल टाकून दिवसभर बसत. त्यांच्या समोर आवळला गेला नसेल तो नट ते पुन्हा खोलून आवळायला लावत. प्रत्येक नटावरून बोल्टावर अक्कांच्या कुंकवाच्या रंगासारख्या लाल रंगाची एक रेघ ओढत. नट जराही फिरला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. मागच्या दारातून सरकून बाहेर येणारा ओटा झाला, गॅसची शेगडी झाली, बाजूला कनाती लावून आंघोळीचा आडोसा झाला, झोपायला छतावर कॅनव्हासचा तंबू झाला. पुढच्या सीटांचं कातडं उसवून सुती कापड चढवलं, स्टीअरिंगवर सुती दोरी गुंडाळली. दणकट स्प्रिंगा आणि खोल खाचांचे टायर तर होतेच. आणि छताच्या कडेला एक लांब बांबू. गॅरेजवाला मणी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सार, हे मासे पकडायला जातायत का? ब्राह्मण आहेत ना?" तो बांबू सोवळ्याचं लुगडं उंचावर वाळत घालायला होता, कुणाचा हात लागू नये म्हणून.

गाडी झाली, पण निघणं होईना. रावांना दर आठवड्याला नवी शंका येई. टाकीला चव लागते का, घाटात ब्रेक तापतील का. वर्ष गेलं. अक्का मला म्हणाल्या, "ते जन्मभर मोडलेल्या गाड्याच बघत आले. धड असलेली गाडी त्यांना ओळखतां येत नाही." आणि एके दिवशी त्या स्वतः खाली उतरल्या. हात पाठीशी बांधून गाडीभोवती फिरल्या, ओटा ओढून पाहिला, स्टीअरिंगची दोरी बाजूला सारून आत काय आहे ते पाहिलं. दोरीखाली कातडं होतं.

"हें काय?"

"तें निघत नाही. दोरी आहे की वर."

"तुम्ही गाडी चालवणार. मी रांधणार. माझ्या भांड्याला हात लावूं नका म्हणजे झालं," अक्का म्हणाल्या. "पोंगलनंतर निघूं."

मी आणि सुनीता रजा काढून आगगाडीनं आधीच गावी पोचलो, कारण त्यांच्या गाडीत मागे बसायला सीट कुठे होती! ते दोन दिवस उशिरा आले. राज्याच्या हद्दीवर पोलिसांनी त्यांना अडवलं होतं. टाक्यांत काय, बांबू कशाला, ओट्याखाली काय लपवलंय. रावांनी रागावण्याऐवजी त्या हवालदाराला कुठे शोधायचं राहून गेलं ते दाखवलं, आणि मग त्याला खरोखरच संशय आला.

कऱ्हाडच्या बाजारात मी आणि सुनीता अक्कांना घेऊन गेलो. राव दहा पावलं मागे. अक्का आधी नुसत्याच उभ्या राहिल्या. हमाल एकमेकांवर ओरडत होते, दोन पोरी भांडत होत्या, एक म्हातारा स्वतःशीच शिव्या देत होता. त्या कान देऊन ऐकत होत्या. मग वांग्यांच्या ढिगासमोर वाकून त्यांनी विचारलं, "वांगीं कशीं दिल्हीं?"

"काय म्हनला?" भाजीवाली म्हणाली. "कुठल्या तुमी?"

"चेन्नै."

"आन् मराठी कुठं शिकला?"

"शिकलें नाहीं," अक्का ताठ होऊन म्हणाल्या. "घरचीच आहे."

भाजीवालीनं माझ्याकडे पाहिलं. "अवो, भाव पाडायला असलं जुनंपानं बोलत्यात का काय ह्या?"

अक्का इतक्या हसल्या की त्यांना माझ्या पत्नीचा खांदा धरावा लागला. वांगी त्यांनी सांगितल्या भावानं घेतली, एक पैसा कमी केला नाही. त्या दुपारी कृष्णेकाठी माझ्या चुलतभावाच्या शेतात बांबूवर लुगडं फडफडत होतं, आणि अक्कांनी आम्हा सगळ्यांना वांग्याची भाजी वाढली. राव मात्र जेवणाआधी एकदा गाडीखाली जाऊन रेघा बघून आलेच.

ते वर्ष आणि त्यानंतरची दोन, दर पोंगलनंतर ते दोघं कुठे ना कुठे जाऊन येत. या वर्षीची तयारी चालू होती, म्हणूनच ते गाडीखाली होते.

अक्कांना गाडी चालवता येत नाही, तेव्हा ती विकायची ठरली. ठाण्याकडचा एक तरुण, इथे आयटीत असलेला, बघायला आला. गाडी त्याला आवडली, पण घरच्यांसाठी ओटा-टाक्या काढून तिला पहिल्यासारखी करायची होती. "ओरिजिनल मागची सीट असेल तर लगेच घेतो," तो म्हणाला. मी अक्कांकडे पाहिलं. ती सीट कुठे आहे हे त्यांना सांगावं की नाही, मला कळेना. तो गेल्यावर अक्का म्हणाल्या, "वर आहे ना? चला, बघूं."

त्या आल्या. सीटसमोर उभ्या राहिल्या.

"ते कुठल्या बाजूला बसत?"

मी उजवी बाजू दाखवली. मधला हात खालीच होता. एका खळग्यात डबऱ्याचं तपकिरी वर्तुळ उमटलं आहे, सुनीतानं कितीदा पुसलं तरी जात नाही.

"रोज वरून आले कीं आंघोळ करीत," अक्का म्हणाल्या. "उकडतंय म्हणत. मार्गशीर्षांत सुद्धां. मज आधी वाटलं, तुमच्याकडे कांदा खाऊन येतात."

"अय्यो, अक्का!" सुनीता म्हणाली.

"मग त्यांची धोतर-वेष्टी धुतांना कळलं. कांद्याचा वास नव्हता, चामड्याचा होता... काय करूं? म्हटलं, बसूं दे. इतकी चांगली सीट माझ्यासाठी काढली."

आणि त्या उजव्या बाजूला बसल्या. सुनीता पुढे झाली, "अक्का, अहो, ते कातडं..." अक्कांनी हातानंच तिला थांबवलं. खळग्यातल्या वर्तुळावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्या मुलाला सांगा, गाडी ने. ही मिळायची नाही."

गाडी गेली. पार्किंगमधली ती जागा सेल्वम अजून कुणाला लावू देत नाही. सीट आमच्या हॉलमध्येच आहे. हल्ली दिवेलागणीच्या सुमाराला अक्का वर येतात, काही घेत नाहीत, उजव्या बाजूला थोडा वेळ बसतात आणि जातात. त्या खाली गेल्या की मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. थोड्याच वेळात पाइपातून न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज येतो.