पाण्यात जाळं कसं उभं राहतं

डायव्हर संकेत पाण्यातून वर आला तेव्हा त्याच्या पाठीवरच्या टाकीला जाळं गुंडाळलेलं होतं. बडीने, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराने, कापून सोडवलं म्हणून बरं. आणि आधीच सांगते, चूक माझी होती.

मी उत्तनची. चाळीस वर्षं जाळी शिवतेय. शांती नगरची श्वेता आणि तिचे डायव्हर रविवारी येतात, समोरच्या, पाण्याखालच्या खडकावर अडकलेली टाकाऊ जाळी काढतात. फुकट, हौसेने. त्या जाळ्यांत मासे नुसतेच अडकून मरतात ना! पाणी गढूळ, सगळं काम हाताने चाचपत. म्हणून तिने मला विचारलं होतं, "आंटी, आधी कुठे कापायचं?"

मी अंगणात वाळत टाकलेलं जाळं दाखवलं. "खालचा दोर. शिशाचं वजन त्यालाच. तो सुटला की जाळं हलकं."

आणि हे असं झालं. बोट माझ्या दिराची, पास्कूची. तो भडकला. "वहिनी, आता पुरे. कोणाचं पोर बुडलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाय."

दुसरं कोणी न्यायला तयार नव्हतं. तो नाही म्हणाला की ट्रिप बंद.

संकेत मात्र ओट्यावर चहा पीत हसतोय. "आंटी, बायको पण एवढं घट्ट धरत नाही!"

श्वेता म्हणाली, "एक पिंप पाण्याने भरून द्या." तिने जाळ्याची पट्टी पाण्यात सोडली. वरच्या दोराचे फ्लोट तरंगले, शिसं तळाला. जाळं भिंतीसारखं उभं. मी खालचा दोर कापला, तर सगळंच वर येऊन मनगटाला बिलगलं.

"अगं बाई! हे असं करतं होय?"

"तुम्ही कधी पाहिलं नाही?"

"कुठून पाहणार? माझ्याकडे येतं ते वाळून, फाटून."

पास्कू म्हणाला, "मला विचारायचं."

"जाळं फाटल्याशिवाय तू येतोस कधी?"

दुसऱ्या पट्टीचे आधी फ्लोट कापले. जाळं गपचूप खाली बसलं. मग कडेपासून चटईसारखं गुंडाळायचं, खडकाने धरलंय तेवढंच कापायचं. सगळ्यांकडून डोळे बांधून करून घेतलं. पास्कू बघत होता. "एक रविवार नेतो. कोणी अडकलं तर परत न्हाय."

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मीही बोटीत बसले. सहा जण उतरले. मी पाण्याकडे बघत डोकी मोजत राहिले. सहाही आली. मागून हवेच्या पिशवीला बांधलेली जाळ्याची वळकटी. पास्कूने ती ओढून घेतली, त्यातला जिवंत खेकडा सोडवून पाण्यात टाकला आणि श्वेताला म्हणाला, "फुडच्या येळेला लवकर या, भरती लवकर हाय."

माझा अनुभव चाळीस वर्षांचा होता, पण सगळा कोरड्या जागेवरचा. सल्ला देताना तेवढं सांगायचं राहिलं होतं.