पखवाजासमोर अप्पांची जागा

आमचं उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं, तेव्हाची गोष्ट. पाऊस नव्हता म्हणून लग्नं थोडीच होती, पण नवा जिल्हा झाल्यामुळं भाषणं मात्र उदंड. माझ्या धाकट्या दिराचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. त्या भाषणांवरच तो तगला म्हणा ना. पुढारी डावीकडं वळला की ह्याचा माईक डावीकडं, पुढारी खाली वाकला की माईक खाली. तोंडापासून माईक चार बोटं हलू द्यायचा नाही, त्याचा लई अभिमान त्याला.

मला पखवाज शिकवला माझ्या वडिलांनी. अप्पा म्हणायचो आम्ही त्यांना. पोरगी पखवाज वाजवती म्हणून गल्ली हसायची. अप्पा म्हणायचे, "हसू दे, तू ठेका सोडू नको." आता अप्पांचा उजवा हात लुळा पडला होता. नांदेडजवळ विष्णुपुरीला माझा भाऊ धरणाच्या कामावर होता, त्याच्याकडं राहायचे. त्यांचा निरोप आला : माझा हात तर गेला, पोरीचा तरी राहिलाय का, ते एकदा ऐकायचंय.

मला कुठलं जायला जमतंय? टँकर कधी येईल नेम नाही, अन् घरचं पाणी माझ्याच डोक्यावर. पण दीर सामान आणायला नांदेडला जायचाच. तो म्हणाला, "वैनी, टेप करू की! तुम्ही नुसतं वाजवा, बाकी माझ्यावर सोडा."

सोडलं बाई.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. माझ्या सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, तेच सोसंना. "माणसाला भाकरी पुरंना, अन् ह्या ढोलाला गव्हाची कणीक!"

"नंतर गाईला घालते, अव्वा."

"घाल. मी बघायलेच."

दिरानं माईक पखवाजाच्या तोंडाला असा भिडवला, जणू पखवाज आता मतं मागणार. मी वाजवलं. तो टेपरेकॉर्डर घेऊन गेला आणि आला, तर कॅसेटवर माझं वाजवणं संपल्यावर अप्पांचा आवाज :

"बाई, पखवाज वाजवायलीस का रॉकेलचा डबा बडवायलीस? तुझा हात कुठंय ह्यात? मी काय कधी पखवाजाच्या तोंडाला कान लावून बसत होतो का?"

दीर फुगला. "ह्याच माईकनं पुढाऱ्याचा ढेकर पार बसस्टँडपर्यंत पोचवलाय, वैनी!"

"भाऊजी, पुढाऱ्याला एक तोंड असतं. पखवाजाला दोन असतात."

पण अप्पांचं शेवटचं बोलणं माझ्या डोक्यातनं जाईना. मग बसायचे कुठं अप्पा? डोळे मिटले तर दिसले. माझ्या समोर, जरा उजव्या हाताला, भिंतीला टेकून, पाय पसरून. दोन्ही अंगं त्यांना सारखी ऐकू यायची. मी दिराला तिथं बसवलं आणि त्याच्या कानाच्या उंचीवर माईक काठीला बांधायला लावला.

"एवढ्या लांब? माईकची इज्जत गेली की हो, वैनी."

"जाऊ द्या. वाजवणारीची राहिली पाहिजे."

वाजवलं. डबा गेला, पण आता वरचा पत्रा माझ्याबरोबर वाजायला लागला! मी एक थाप मारावी, त्यानं दोन माराव्यात. दीर माईक पुन्हा जवळ सरकवायला निघाला. मी हात धरला. दुष्काळानं आमच्या आडतीच्या दुकानात धान्य नव्हतं, पण रिकामी पोती हवी तेवढी. दोऱ्या बांधून खोलीभर पोती टांगली, पत्र्याखालीसुद्धा. खोली अशी गप्प झाली, की अव्वांच्या बांगड्या नीट ऐकू यायला लागल्या. त्यांना म्हटलं, "हलू नका हं." त्या हलल्या नाहीत. पण मी शेवटची थाप मारली रे मारली, की म्हणाल्या, "झालं का? काढ आता ती कणीक, गाय हंबरायली!"

तेही टेपमध्ये गेलं. पुसायला दीर तयार होता, पण त्याबरोबर माझी शेवटची थापही पुसली गेली तर? राहू दिलं.

दीर जाऊन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आल्यावर आम्ही तिघं टेपभोवती बसलो. पखवाज संपला, अव्वांची गाय संपली. मग अप्पा खाकरले.

"उजवा हात चांगलाय. शेवटाला डावा का गं ढिला पडला? पाणी लई ओढायलीस का? अन् मधे घाई केलीस. तुझी ती घाई अजून गेली न्हाई." मग हसले. "विहीणबाईंना म्हणावं, कणीक गाईला घाला."

माझ्या डोळ्यांना धार अन् तोंडभर हसू. दीर म्हणाला, "वैनी, बोलणी खाऊन कुणी एवढं हसतं का?"

त्याला काय सांगू? टेपला नावं ठेवायची सोडून अप्पा माझ्या हाताला नावं ठेवायला लागले होते. म्हणजे हात पोचला.

अव्वा मात्र सरसावून बसल्या. "ते मागं घे रे जरा. माझं बोलले ते पुन्हा लाव."