सगळं गाव व्यासपीठावर

आमच्या गावच्या नाल्यावर पूल नाय. पावसाळ्यात पोरींची शाळा बुडते. यंदा उमेदवार भाऊसाहेब प्रचाराला आले अन् म्हणाले, "मी माणसं जोडतो, माणसं पूल बांधतात. वेरूळकडचं माझं गाव बघा, वीस वर्षं नुसती संघटना केली." बचत गटाच्या बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. म्हटलं, बघूनच येऊ. मी सांगते ते सून लिहितेय; जिथं शहाणपणा जास्त दिसंल, तिथं तिनं आपलं घातलंय असं समजा.

सकाळी गटाची सचिव शेवंता अन् मी कन्नडला एसटी धरली. मला म्हातारपणामुळं तिकीट नाय, शेवंताला बाईमाणूस म्हणून अर्धं. बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका, मांडीवर कोंबड्या येऊन बसतात. वेरूळला उतरलो. लेणी बघायला आलेली गर्दी एकीकडं गेली, आम्ही दुसरीकडं. तिथं भजी झकास, चहा नुसता गोड. पुढं काळीपिवळी जीप. ती भरल्याबिगर हालत नाय, तेव्हा सोबत शेंगा ठेवा.

गावात शिरलो तर हापशाला दांडाच नाय. बाया लांबच्या विहिरीवरनं पाणी आणत होत्या. पारावर एक जण बसला होता, त्याला विचारलं, "दांडा कोण बसवणार?"

"ते कार्यकर्त्यांचं काम. मी उपाध्यक्ष हाय."

"मग कार्यकर्त्याला हाक मारा की."

"कुणाला मारू, आजी? सगळ्यांची बढती झाली."

खोटं नव्हतं. संघटनेत आला त्याला भाऊसाहेबांनी पद दिलं, रुसला त्याला मोठं दिलं. म्हशी राखणारा तालुका संघटक, त्याची बायको महिला आघाडीची मार्गदर्शक. म्हशी तेवढ्या साध्या राहिल्या होत्या.

भाऊसाहेब गावातच होते; आम्ही आलो म्हणून त्यांनी देवळापुढं सभा ठेवली. अख्खं गाव वर खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर शेवंता अन् मी. भाऊसाहेब म्हणाले, "कार्यकर्त्यांनी माईक आणावा." कुणी हाललं नाय. सगळे एकमेकांकडं आदरानं बघत राहिले. शेवटी मीच उठून माईक नेऊन दिला. मग एकेकाचं नाव पदासकट पुकारलं. टाळ्या वाजवायला आम्ही दोघीच, हात लाल झाले.

सभा उठल्यावर भाऊसाहेब जवळ आले. "बघा आजी, वीस वर्षांत एक माणूस नाराज नाय." माणूस भला, डोळ्यांत पाणी होतं.

"व्हय. अन् हापसा?"

"त्याची समिती नेमतो. तुम्हीच अध्यक्ष व्हा."

म्हटलं, "नको बाबा, मला संध्याकाळी स्वयंपाक हाय."

जीपमध्ये शेवंतानं उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. मग म्हणाली, "मावशी, नाय म्हणायच्या आधी मला तरी इचारायचं."

घरी येऊन गटात सगळं सांगितलं. मत भाऊसाहेबांना नाय, हे ठरलं. पण उठताना दोघी-तिघींनी हळूच विचारलं, तिथं खजिनदार कोण हाय म्हणून. पुलाचं कुणी बोलंना. दुसऱ्या दिवशी मीच एक धोंडा ढकलत नेला अन् नाल्यात टाकला. म्हातारी पडंल म्हणून एक बाई धावली, तिच्यामागं दुसरी, अन् मग त्यांनीबी धोंडे टाकले. आता अर्ध्या नाल्यापातूर पाय ठेवायला धोंडे झालेत.

काल शेवंता म्हणाली, "मावशी, या कामाची एक समिती करू ना."

म्हटलं, "कर की. आधी पोरी पलीकडं पोचू देत."