कलादालनातला धानाचा दाणा
मळणीनंतर धानाचा दाणा चावून पाहायचा, कट्कन फुटला म्हणजे वाळला, ही आमची लाखनीकडची सवय. परवा तसा दाणा फुटला आणि मुंबईतलं ते कलादालन आठवलं. पोरीला तिथं नोकरी लागून आठवडाच झालेला. “बाबा, कोनत्याच वस्तूले हात नोका लावू,” तिनं दारातच बजावलं होतं. आत एक कलाकृती म्हणून चक्क धानाची रास मांडलेली. माझा हात गेलाच. कट्! रखवालदार धावत आला. “काका, काय खाल्लं?” दाणा गिळवेना, थुंकवेना, पोरीची नोकरीच माझ्या दातात अडकलेली. तेवढ्यात तीच पुढं आली. “माझे बाबा आहेत ते.” मला बाहेर बसवलं. संध्याकाळी ती नोकरी शाबूत ठेवून आली आणि हळूच म्हणाली, “वाळला होता काय जी धान?” अजूनही खळ्यात दाणा चावण्याआधी मी मागं वळून पाहतो.