वैशालीच्या शोकेसमधली जोडी

आमच्या न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातल्या शनिवारच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसले, की चहा गार होतो. माणसं मोजकी, पण दर शनिवारी काहीतरी घडतंच! त्यातले निम्मे वैशालीकडच्या लाकडी बाहुल्यांचे. शेवटपर्यंत हसू टिकणार नाही हं, आधीच सांगते.

समीर, म्हणजे वैशालीचा नवरा, लग्नानंतर दोन वर्षं आफ्रिकेत, मालीला, वीजप्रकल्पावर होता. तिथून तो थेट इकडे आला तो दोन बायका घेऊन. लाकडाच्या हो! वीतभर उंच, अगदी सारख्या. ऑकलंड एअरपोर्टवर क्वारंटाईनवाल्याने टॉर्च मारून कीड शोधली, उलट्यापालट्या केल्या आणि शेवटी म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इकडच्या बोलीत 'एकदम झकास'. समीर म्हणतो, "लग्न ठरवताना माझीसुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती!"

कोणी विचारलं की सांगायचा, "मालीतल्या बमाना लोकांच्या जुळ्या बहिणी." पुढचं बोलायचा नाही. मग वैशालीला दिवस गेले आणि स्कॅनमध्ये जुळं दिसलं. आम्ही चिडवून चिडवून तिला हैराण केलं. डोहाळजेवणाला मी त्या दोन्ही बाहुल्यांनाही हळदकुंकू लावलं. केवढे हसलो होतो आम्ही!

इरा आणि मीरा झाल्या. मीरा आठवडाभरच जगली.

वैशाली बोलेना, जेवेना. शेवटी समीरने तिला राहिलेलं सांगितलं. तिकडे जुळ्यातलं एक गेलं, की त्याची लाकडी मूर्ती करतात. राहिलेल्याबरोबर तिलाही न्हाऊ घालतात, कपडे करतात, म्हणजे त्याला एकटं वाटत नाही. वैशालीने उठून शोकेसमधून एक बाहुली काढली आणि इराच्या टबात ठेवली. मग शोकेसकडे बघून विचारलं, "दोन कधी करतात?"

समीर टबातलं पाणी हाताने ढवळत राहिला. दोन्ही गेल्यावर, आणखी कधी!

त्याच संध्याकाळी ती दुसरी बाहुली घेऊन माझ्या दारात उभी. "ताई, ही तुझ्याकडे राहू दे. माझी एक तरी आहे गं. माझ्या घरात जोडी नको." मी ती घेतली आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांमागे ठेवली. त्या रात्री मला फार रडू आलं.

पुण्याहून सासूबाई आल्या. "लाकडाला आंघोळ? हे काय खूळ!" रोज तोंडाचा पट्टा चालू! सासूसुनेचं विळ्याभोपळ्याचं नातं ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ. परत जाताना मात्र त्यांनी स्वतः विणलेली टोपरी वैशालीच्या हातात ठेवली. दोन. दुसरं जेमतेम अंड्यावर बसेल एवढं! वैशाली त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

मीराचं नाव ग्रुपमध्ये कोणी काढत नसे. इराच्या तिसऱ्या वाढदिवसाला, ग्रुपमध्ये नवीन आलेल्या निनादने केकजवळची बाहुली उचलली. "वॉव! शोपीस भारी आहे! कुठून घेतलंत?"

आम्ही सगळे बघतोय पायाकडे. इरा मात्र ठणकावून म्हणाली, "दॅट्स मीरा. पुट हर डाउन!"

बिचारा बाहुलीला म्हणाला, "सॉरी, मीरा." तेव्हा वैशाली आमच्यासमोर पहिल्यांदा ते नाव घेऊन बोलली, "अरे, मीराला केक कोणी दिला नाही अजून."

इरा शाळेत जायला लागल्यावर दुपारी माझ्याकडेच असायची. एकदा स्विमिंगहून आली, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, ओले, आणि टॉवेल घ्यायला स्वतःच कपाटाकडे पळाली. मी स्वयंपाकघरातून धावले, तोवर बाहुली तिच्या हातात! आणि नेमकी त्याच वेळी वैशाली तिला न्यायला दारात.

"मम्मा, आय नो हू धिस इज," इरा म्हणाली. "धिस वन्स मी!"

वैशालीचा चेहरा पांढराफटक.

"मीरा गेट्स सो लोनली व्हेन आय्‌म अ‍ॅट स्कूल," इरा सांगत होती. "कॅन आय टेक मी होम?"

वैशालीने टॉवेल घेतला, आधी इराचे केस पुसले, मग बाहुलीचं डोकं. बाहेर जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं.

"चल, मीरा वाट बघत असेल," ती म्हणाली. "दोघींना बेल्ट लाव."