कातरलेल्या कोपऱ्याचा नंबर

सुरतेजवळ पलसाण्याच्या ज्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, रंगमास्तर होते, तिथेच मी कॉम्प्युटरवर बसायचे. आपली पोरगी एसीत काम करते याचं त्यांना भारी कौतुक. तोंडावर मात्र कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणायचे, "हिच्या डब्याला रंगाचं काय कळतं!"

व्यापाऱ्याला रंगाची जुनी शेड परत हवी असली की तो कापडाचा जुना तुकडा आणून टाकी. तुकड्याच्या कोपऱ्यावर शाईनं नंबर असे, आणि रंग ताडून मिळवण्यासाठी आप्पा नेमका तोच कोपरा कातरत. काठाशी रंग खरा असतो म्हणे! नंबराचं डोकं-शेपूट कात्रीत जाई. कधी अडलं नाही, कारण रेसिपी, म्हणजे कुठला रंग किती, ते नजरेनंच सांगत.

मग त्यांना निळ्यातलं हिरवं दिसेनासं झालं. घरात आम्हालाच माहीत होतं. शेठच्या कानावर गेलं असतं तर आप्पांना गेटवर बसवलं असतं. मला रात्रंदिवस तीच धास्ती.

रेसिपी डेटाबेसमध्ये होत्या, पण शोधायला अख्खा नंबर लागे. डेटाबेसला विचारायचा प्रश्न शब्द जोडून तयार करणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा संच, मी लिहिली होती. तिला दिलेल्या नंबराच्या बरोबर, मोठं, लहान एवढंच विचारता येई. मी तिला रेग्युलर एक्स्प्रेशन शिकवलं, म्हणजे नंबराचा साचा: सुरुवातीला अमुक दोनांपैकी एक अक्षर, मग काहीही, मध्ये सत्तेचाळीस, शेवटी आकडाच. चार दिवस डोकं पिकलं, पण जमलं एकदाचं.

त्याच आठवड्यात मोरपिशी तुकडा आला; आप्पांनी सवयीनं कोपरा कातरलाच, नंबरातलं मधलं सत्तेचाळीस तेवढं उरलं. आप्पा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "सापडनं का, माय?"

तीन रेसिपी निघाल्या. तिन्हींचे नमुने रंगवून आप्पा नेहमीसारखे दारातल्या उजेडात गेले. बराच वेळ तिथेच. मग मूळ तुकडा आणि तिन्ही नमुने माझ्या हातात ठेवले.

"तू पाह्य. माले आते दिखत नही."

आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या नजरेवर रंग सोडला नव्हता. मी चारही तुकडे उजेडात धरले. मी मधला उचलला. त्यांनी तो परत बघितलाही नाही, आत वळून कामगारांना म्हणाले, "टाका लॉट."

लॉट पास झाला. पुढे कित्येक वर्षं साचा डब्यात, नजर माझी आणि हुकूम आप्पांचा, असं आमचं मजेत चाललं.

कोपरा मात्र ते शेवटपर्यंत कातरत राहिले.